रिफ्यूजचं एक वाक्य

तुलुंगागुंग, १० जून १९९६

ती. लासमिनीताईंस,
धाकट्या वेनिंगचा नमस्कार.

तुम्ही आणि भावजी सुराबायात खुशाल असाल. इकडे आम्ही ठीक. कसाव्याचे काप वाळत घातलेत. माझ्या तितिसचा खालचा दात पडला. ती तो छपरावर फेकायला निघाली, तर कोंबडीनंच पळवला.

माझी शिकवणी चालू आहे. हाँगकाँगला घरकामाला जाणाऱ्या बायकांना रोज एक इंग्रजी शब्द देते. अर्थ सांगायचा, मग प्रत्येकीनं आपल्या आयुष्यातलं वाक्य करायचं. गेल्या मंगळवारी शब्द होता 'रिफ्यूज'. म्हणजे तोंडावर नाही म्हणणं. मालकिणीनं विसाव्या मजल्यावरची काच बाहेरून पुसायला सांगितली, तर दुसरा कुठला शब्द त्यांना वाचवणार?

मी मालकीण झाले. म्हटलं, "खिडकीबाहेर जा, काच पूस." बावीसच्या बावीस जणी हसून म्हणाल्या, "हो, बाईसाहेब." एक तर फडकं शोधायला लागली.

"अगं, पडून मरशील की."

"हो, पण त्यांना वाईट वाटायला नको ना, बाई."

मला गंमत वाटली, आणि नवलही. इंग्रजांचं तीन शब्दांत भागतं. आपण आधी हसणार, मग हवापाणी, मग 'बघू हं', आणि उरलेलं समोरच्यानं ओळखायचं. वाक्य तर एकीलाही सुचेना. शेवटी तुमिरा म्हणून एक आहे, चाळिशीची, भारी खट. ती म्हणाली, "बाई, तुम्हीच द्या की एखादं. तुम्ही कुणाला केलंत रिफ्यूज?"

मी ठोकून दिलं, "मासळीवाल्याला." सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला काही हसू येईना.

बघा ताई, या पत्रात मीही कसाव्यापासूनच सुरुवात केली.

ईदला तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकून मी वर्षभराची माफी मागत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तितिसला आम्हाला दे. पोटच्या पोरीसारखी सांभाळीन. तिच्या पायगुणानं माझीही कूस उजवेल." मी "हो ताई" म्हटलं. तिथं डोकं टेकवून दुसरं काय तोंडातून निघणार? आई गेल्यावर तुम्हीच मला न्हाऊमाखू घातलंत, शिकवलंत. वाटलं, माझ्या आवाजावरून तुम्ही ओळखाल. तर तुमचं पत्र आलं, की तेवीस तारखेला तिला न्यायला येताय, पलंगही आणून ठेवलाय. तितिस विचारते, "मावशीकडे तूपण राहणार ना?" मी तिलाही नुसती हसून दाखवते.

शनिवारी तुमिराला जमलं. मी खिडकी दाखवली. तिनं डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "नाही बाईसाहेब, मी जाणार नाही." लगेच माझी माफीही मागितली. मला रडू आलं.

आता माझं वाक्य. ताई, मी तितिसला देणार नाही.

तेवीसला जरूर या. पलंग परत करू नका. सुट्टीत आम्ही दोघी येऊ, ती त्यावर झोपेल आणि मी तिच्याशेजारी. रागावलात तर इथं येऊन, तोंडावर रागवा. मी ऐकून घेईन.

तुमचे पाय धरून, पण या खेपेला 'हो' न म्हणता,
वेनिंग