दोन गाण्यांची तरतूद

लिहून ठेवणार: श्रीमती ठमाबाई बुधाजी घरत, वय अंदाजे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी मिठागरावर मजुरी, हल्ली घरकाम, राहणार मौजे वाघखार, तालुका उरण, जिल्हा रायगड.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीनं करत आहे. कुणाचं दडपण आलं नाही, असं वकिलांनी लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. दडपण पुष्कळ आलं, मी घेतलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी त्यांना फी विचारली. माझं हृदय दुबळं झालं आहे आणि नातू ऋत्विक याचं लग्न येत्या वैशाखात आहे. तोवर मी असेनच असं नाही, म्हणून ही घाई.

कलम १. भूखंड. बंदरासाठी आमची शेती गेली, त्या बदल्यात सरकारच्या साडेबारा टक्के योजनेत मिळालेला भूखंड यजमानांनी हयातीतच बक्षीसपत्रानं माझ्या नावे केला. भरपाईचे पैसे गावात सगळ्यांनाच मिळाले. त्यांतून आमच्या आळीत गाड्या आल्या आणि मोठमोठ्या हळदी झाल्या. त्या गाड्या आता दिसत नाहीत. मी पैसे बँकेत मुदत ठेवीत घातले आणि भूखंडावर कारली लावली.

मुलगा निकेत बंदरावर ट्रेलर चालवतो. कष्टाळू आहे, दारूला शिवत नाही. लोकांनी हसू नये, एवढंच त्याला व्यसन आहे. गेल्या महिन्यात तो एका बिल्डरला इसाराच्या पैशांसकट घेऊन आला आणि म्हणाला, "आये, सही कर. पोराच्या हलदीला अख्ख्या गावाला मटन घालायचा हाय. डीजे सांगलाय, गायक सांगलाय. यकच पोर हाय मना."

मी म्हटलं, "हलद यका रातीची. जागा गेली तं परत येल काय?"

तो उठून गेला. तेव्हापासून जेवायला माझ्या शेजारी बसत नाही. मला ते फार लागतं, पण सही केली नाही.

सबब हा भूखंड मी सून सौ. सुचिता निकेत घरत हिला पूर्ण मालकी हक्कानं देते. निकेतवर माझा राग नाही. त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे मला त्याच्या लहानपणापासून ठाऊक आहे.

कलम २. राहतं घर निकेत व सुचिता या दोघांच्या समाईक मालकीचं राहील. गहाण टाकायचं झालं तर सही दोघांची लागेल, हे मुद्दाम केलं आहे.

कलम ३. माझी सोन्याची माळ ऋत्विकच्या बायकोला द्यावी. माळ मोडून नव्या घडणीची करू या, असं सोनार सांगेल. त्याला चहा पाजून परत पाठवावं. मीठ ओढायचं लाकडी फावडं निकेतला. ते भंगारात घालू नये, त्याच्या बापाच्या हाताचं आहे.

कलम ४. माझे दिवस घरातल्या घरात करावेत. गावजेवण नको. नाक्यावर माझा फ्लेक्स लावू नये, माझा एकही फोटो बरा आलेला नाही.

कलम ५. जुना हिशेब. निकेतच्या हळदीला मी फक्त जवळच्या नात्यातली माणसं बोलावली होती. माझे दीर धर्मा यांना ते कमीपणाचं वाटलं. त्यांनी मला न विचारता उधारीवर बँजो पार्टी ठरवली आणि संध्याकाळी टेम्पो दारात आणून उभा केला. "वयनी, पोराची हलद हाय, मयत न्हाय," असं सगळ्या आळीदेखत बोलले. वाजवणारे पैशांसाठी माझ्याच तोंडाकडे बघत होते. यजमान माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ठमा, यक गाना तरी वाजू दे."

मी एक वाजू दिलं. माझे यजमान हात वर करून अंगणभर नाचले. गाणं संपलं तसे मी एका गाण्याचे पैसे दिले आणि टेम्पो परत पाठवला. ते हात वर धरून तसेच उभे राहिले, मग आत जाऊन बसले. त्या दिवसापासून गाव मला 'एका गाण्याची ठमा' म्हणतं. दीर वारले, त्यांना मी माफ केलेलं नाही.

कलम ६. बँकेतली ठेव सुचिताला. परवा भांडी लावता लावता ती मला म्हणाली, "आई, तुमी हाव तवर ठीक हाय. मी न्हाय बोलले तं लोकं माझ्या म्हायेराला नावां ठेवतील." खरं आहे. सासूनं नकार दिला तर ती चिकट ठरते, सुनेनं दिला तर तिच्या आईबापाचा उद्धार होतो. म्हणून ठेवीबरोबर माझं नावही तिला देते. जो कुणी मोठ्या खर्चासाठी दारात येईल, त्याला तिनं सांगावं, 'सासूबाय न्हाय बोलून गेल्यान.' मेल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही. मला चिकट म्हणवून घ्यायची सवय आहे, मेल्यावरही काही बिघडणार नाही.

कलम ७. ठेवीतून ऋत्विकच्या हळदीचा खर्च करावा. घरच्या आणि नात्यातल्या माणसांना मटण पोटभर वाढावं. बँजो पार्टी बोलवावी आणि तिला दोन गाण्यांचे पैसे आधीच द्यावेत. पहिलं गाणं ऋत्विकचं. दुसरं माझ्या यजमानांचं, त्यांचं नाचून व्हायचं होतं. त्या गाण्याला निकेतनं नाचावं, हात वर करून.

तिसरं सुरू झालं, तर सुचितानं माझं नाव सांगावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे म्हणून सही केली.

ठमाबाई बुधाजी घरत

ठिकाण: उरण
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. धनेश रावजी घरत (पुतण्या)
२. केसर धर्मा घरत (जाऊ). कलम ५ मी ऐकलं. माझे मालक तसंच बोलले होते. सही करते.