मंदा कुणाला वाचून दाखवते

दादा,

कोनाड्यात वीस शब्दपट्ट्या आहेत, मोजून ठेवल्यात. मी आज जिंतूरला प्रयोगशाळेतल्या नोकरीवर रुजू व्हायला निघाले. वहिनीला अक्षरं येत नाहीत, त्यामुळे मंदाचं वाचन ऐकणारं आता तूच. पण तू एसटीच्या मुक्कामी गाडीवरची ड्युटी संपवून परततोस तेव्हा ती शाळेत असते, आणि ती येते तेव्हा तू निघालेला असतोस.

पहिलीचं पुस्तक ती वाचत नाही, पाठ म्हणते. चित्र झाकलं की अडते. माझ्यापुढं कंटाळते. म्हणाली, "आत्या, तुला तर समदं येतंय. तुला वाचून काय करू?"

रविवारी सुट्टीत तिच्याजवळ बस.

काल माझ्यासमोर तिनं वीसपैकी नऊच पट्ट्या बरोबर वाचल्या. मग क्रम बदलून त्याच वीस तिनं खुंटीवरच्या तुझ्या खाकी शर्टाला वाचून दाखवल्या. सतरा बरोबर.