पंचमीला उघडलेला चाकू

उमरगा, १२ जुलै २०२५

चि. सौ. गंगास, अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मला फोनवर नीट ऐकू येत न्हाय आन् तू वरडतीस, म्हणून पत्रच बरं. बार्शीच्या बाजारातून शिंगाच्या मुठीचा जुना घडीचा चाकू घेतलास म्हणं. हा तुझा आठवा चाकू! साठी उलटलेल्या बाईनं बांगड्या घ्यायच्या का चाकू? दाजी बिचारे जीव मुठीत धरून झोपत असतील.

आता माझं ऐक. आपल्या पिकअपला अठ्ठावीस वर्षं झाली. अमरनाथ म्हणतो, भंगारात घालू. अगं, सकाळी पहिल्या चावीला ती सुरू झाली की मला भाकर गोड लागती, हे त्या पोराला कळत न्हाय. बापलेकाचं लई वाजलं. शेवटी त्यानं अट घातली. नागपंचमीला आत्याला परंड्याहून ह्याच गाडीत आणा. वाटेत बंद पडली न्हाय तर पासिंगला मी नेतो, पडली तर भंगारवाल्याला बोलावतो. म्या व्हय म्हणलं. चतुर्थीला मुक्कामाला येतो, पंचमीला सकाळी निघू.

कळावे. तुझा लोभ आहेच, थोडा गाडीवरबी असू दे.

तुझा महांतप्पाअण्णा

परंडा, १९ जुलै

ती. अण्णास, गंगाचा शिरसाष्टांग नमस्कार.

बांगडी वाढवली की गेली. चाकूला तेलाचं बोट लावत राहिलं तर तो आपल्याला पुरून उरतो. आन् तुमच्या गाडीचं दार तीनदा आपटल्याबिगर लागत न्हाय, म्या कधी बोलले का?

चतुर्थीला माझा भावाचा उपास, तुमी मात्र पोटभर जेवा. पंचमीला काई चिरायचं न्हाय, कापायचं न्हाय, म्हणून वाटेसाठी धपाटी आदल्या दिवशीच करून ठेवते. गाडीला जपून आणा, आन् स्वतःलाबी.

तुमच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
शिवगंगा

परंडा, ११ ऑगस्ट

चि. अमरनाथास, आत्याचे आशीर्वाद.

चार दिवस माहेरपण लई गोड झालं. पण एक गोष्ट पोटात ठेवून आले, ती आता राहवत न्हाय. गाडी बंद पडली होती, बाळा.

नळदुर्गच्या अलीकडं पाण्याचा पाईप फाटला. तुझ्या अप्पांनी बघितलं, टोकाचा चार बोटं तुकडा कापून टाकला की उरलेला बसत होता. त्यांच्याकडं कापायला काई नव्हतं, माझ्या पिशवीत चाकू होता. पण पंचमी! जन्मात ह्या दिवशी म्या कोथिंबिरीची काडी चिरली न्हाय, आन् ते ह्याच भावासाठी. अप्पा म्हणाले, राहू दे, पोराला फोन लावतो. फोन काढला आन् दुसरा हात बॉनेटवर ठेवून नुसते उभे राहिले. मला बघवलं न्हाय रे. नागोबाची माफी मागितली आन् पाईप कापला. अप्पांना हात लावू दिला न्हाय. दोष लागायचा तर मला लागू दे.

तुला सांगू नका, असंबी म्याच बजावलं. त्यांच्यावर चिडू नकोस. आता तू म्हणशील ते.

माया कमी करू नकोस.

तुझी आत्या

उमरगा, २४ ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

आत्या, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पाईपाचं टोक ताजं कापलेलं दिसलं. मी गप्प राहिलो.

खरं सांगतो, हसू नका. मी गाडीच्या जिवावर उठलो होतो ते ती जुनी आहे म्हणून नाही. पाच वर्षांचा होतो तेव्हा ती घरी आली. आज तेहतीस वर्षांचा झालो, तरी अप्पांनी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता. क्लच नाजूक आहे, तुला जमायचं न्हाय, एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, घरातलं लाडकं लेकरू तीच, मी आपला वरकड.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, पैज तू जिंकलास, आन् चावी माझ्यापुढं ठेवली. मी ती उचलून म्हणालो, पासिंगला धाराशिवला जायचंय, बसा. ते सवयीनं उजव्या दाराकडं गेले, थांबले, आणि फिरून डाव्या बाजूला येऊन बसले.

तुळजापूरपर्यंत माझ्या पायाकडं बघत होते. मी क्लच दाबला की त्यांचाही पाय दाबला जायचा. पासिंग झालं. परत येताना मी विचारलं, नीट चालवतोय ना? बघतो तर अप्पा खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपले होते.

दिवाळीला तुम्हाला न्यायला मीच येतोय. असाच जीव लावत राहा.

तुमचा अमरनाथ