कागदाची पट्टी

दादा,

तुझ्या संस्थेच्या कार्यक्रमांत तू मला व्हीलचेअरवरून स्टेजवर नेतोस, माझी लाळ रुमालाने पुसतोस आणि सांगतोस, "समोरून ट्रक अंगावर आला. बहिणीला मी वाचवलं, पण तिची वाचा गेली." लोक डोळे पुसतात आणि अपघातातून वाचलेल्यांसाठी सढळ हाताने देतात. काम तू चांगलं करतोस, ते काही खोटं नाही. मला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईसुद्धा तुझ्याच संस्थेच्या.

त्या माझ्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरतात. 'फ' नीट निघाला की पट्टी हलते. तू दारातून डोकावून विचारतोस, "काही फरक?" बाई माझ्याकडे बघतात आणि मान हलवून नाही म्हणतात. आमचं तसं ठरलंय.

वार्षिक सभेत मी "बेल्ट लावा" एवढं कसंबसं म्हणावं, अशी तुझी इच्छा. परवा तू माझ्या खुर्चीच्या उंचीला माइक लावून पाहिलास आणि बाईंना म्हणालास, "नाही जमलं तरी चालेल. लोक रडतीलच."

जमेल रे. पट्टी केव्हाची हलतेय. वाक्य तेवढं मी बदललंय.

"फोन दादाच्या हातात होता. ट्रक कडेला उभा होता."

हे डाव्या हाताने लिहून केव्हाच सांगता आलं असतं, पण कागद तू फाडला असतास. म्हणून हाही मीच फाडणार आहे.

आईला तू पहिल्या रांगेत बसवणार आहेस. बरं केलंस. तिला हल्ली कमी ऐकू येतं.

तुझी लाडकी,
छोटी