अळणी वरण

बाबा, काल थोरल्या साहेबांचा मुलगा दुकानात आला होता. विधानसभेला उभा आहे, प्रचाराच्या जीपवर आपलाच माईक पाहिजे म्हणे. मी म्हटलं, ‘तुमच्या चुलतभावानं परवाच दोन सेट सांगून ठेवलेत, दुसऱ्या पार्टीसाठी.’ तो हसला. ‘मंग काय झालं काका? दोघाइलेही द्या.’ निवडणुकीच्या दिवसांत विरोधकाचं नाव ऐकून हसणारा माणूस दिसला की माझे कान उभे राहतात. चहा पाजला, सेट दिला, हसून बोळवलं. पण तो गेल्यावर तुमच्यावरचा जुना राग पुन्हा वर आला.

तेव्हा तुम्ही थोरल्या साहेबांच्या वर्ध्याच्या बंगल्यावर आचारी. पार्टी फुटली, आणि पुढच्या निवडणुकीत थोरले एकीकडून, त्यांचे धाकटे भाऊ दुसरीकडून, एकाच जागेसाठी उभे. थोरले सभेत म्हणायचे, ‘असा भाऊ वैऱ्यालेही नको.’ धाकटे म्हणायचे, ‘त्या घरचं पाणीही मले वर्ज्य.’ लोक ऐकत आणि घराघरांत भांडत. माझा दोस्त धाकट्यांच्या बाजूचा निघाला, मी अर्थातच थोरल्यांच्या. लाऊडस्पीकरचा सेट आम्ही दोघांनी मिळून उभा केला होता. मशीन मी सांभाळायचो, झाडावर चढून भोंगे तो बांधायचा. तुमच्या हातची भाकर त्यानंही माझ्याइतकीच खाल्लेली. सिंदीच्या बाजारात भर दुपारी तो म्हणाला, ‘तुहा साहेब सख्ख्या भावाले खाऊन बसला बे!’ मी बुक्की मारली. त्याचा समोरचा दात पडला. मग सेट वाटून घेतला, मशीन मला, भोंगे त्याला. दोन्ही मुके.

त्या संध्याकाळी तुम्ही हाताला फोडणीचा वास घेऊन दारात उभे आहात. ‘कोणासाठी मारलं रे त्याले? त्याइच्या घरी काय शिजते, तुले माहीत हाय काय?’ मी म्हटलं, ‘तुमाले माहीत हाय तं सांगा ना!’ तुम्ही मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ. ‘उद्या त्याले जेवाले घेऊन येजो,’ एवढंच बोललात. मी आणलं नाही.

थोरले निवडून आले. महिनाभरात त्यांच्याच शिफारशीनं धाकटे सूतगिरणीचे अध्यक्ष झाले. सत्काराला दोघं एका सोफ्यावर, आणि मग सगळीकडे फुटलं की प्रचारभर दर मंगळवारी दोघं भाऊ धाकट्यांच्या वावरातल्या बंगल्यात जेवत होते. सैपाक तुमचा. मी दोस्ताकडे गेलो. ‘बाबाले सारं माहीत होतं गड्या. मले सांगतलं नाई.’ दाताच्या फटीतून तो हळूच बोलला, ‘मले पोरासारखं जेऊ घातलं त्याइनं. अन् हे लपोलं?’ त्यानंतर तो आपला उंबरा चढला नाही.

इतकी वर्षं मी हेच धरून बसलो की तुम्ही एक वाक्य बोलला असता तर एक दात आणि एक दोस्त वाचला असता. चार जणांत तसं सांगतोही.

पण बाजाराच्या चार दिवस आधी मी दाराआड होतो. तुम्ही मायला म्हणालात, ‘आज धाकल्याच्या वावरात सैपाक केला. एका गंजातलं वरण अळणी काढा लागलं.’ बीपीमुळे थोरले साहेब अळणी खातात, ते मला काय, आपल्या मांजरालाही माहीत होतं. कळलं मला, तिथल्या तिथे. मायनं वळून मला पाहिलंही; तिनं तुम्हाला सांगितलंच असणार. पण आदल्याच दिवशी थोरल्यांनी माझ्याच माईकवर माझं नाव घेतलं होतं, ‘हा आपल्या घरचा पोरगा.’ चार गावांनी ते ऐकलं होतं. मला ते खोटं पडू द्यायचं नव्हतं.

तो आता सिंदीच्या स्टेशनाजवळ सायकली दुरुस्त करतो. भोंगे अजून दुकानाच्या आढ्याला टांगलेले आहेत. माझी जीप गेली की तो ट्यूबवर वाकतो. हे पत्र त्या जुन्या मशीनच्या खोक्यात ठेवणार आहे. दुसरा पत्ता तुमचा माझ्याकडे नाही.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही दोनदा विचारलंत, ‘तो काऊन येत नाई रे? बोलाव त्याले.’ तुम्ही दोघं समोरासमोर बसला असता, तर दाराआडचं निघालं असतं. मी म्हटलं, निरोप धाडला आहे.

धाडला नव्हता, बाबा.