मधला चेहरा

प्रिय माऊ,

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. शेवटपर्यंत वाच. सोमवारी तुझ्या चिमणीला माझ्याकडे ठेवून तू नव्या नोकरीवर हजर होणार, त्याआधी हे तुझ्या हाती पडायला हवं. सातवी शिकलेल्या शिंप्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

हॉस्पिटलातली तपासणी झाली. डोक्यावर वायरींची टोपी चढवली, केसांत गार चिकट मलम भरलं. पडद्यावर एक चेहरा दाखवायचे, मग पडदा कोरा. तेवढा वेळ चेहरा मनात धरून ठेवायचा. मधेच भलताच दुसरा चेहरा यायचा आणि शेवटी आणखी एक दाखवून विचारायचे, काका, हा पहिलाच का? डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. म्हणाल्या, पडदा कोरा असताना तुमचा मेंदू चेहरा घट्ट धरून असतो, ही रेषा बघा कशी टिकलीये. मधला चेहरा आला की ती पडते. सगळ्यांचीच पडते. तरुणांची पुन्हा वर येते. तुमची येत नाही काका, मधला निघून गेला तरी तुम्ही त्यालाच धरून बसता. आजार नाही, वयाचं आहे, चिंता करू नका. चिंता करू नका, हे मला सांगून आजवर कोणाला यश आलंय?

तुला आठवतं, मी गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेतलं की तुझी आई मुद्दाम विचारायची, चहा टाकू का? मी म्हणायचो, अडतीस. ती पोट धरधरून हसायची. पण तेव्हा अडतीस जागेवर राहायचं, विसरायचा तो चहा. आता उलटं झालंय. परवा शेजाऱ्याने हाक मारली म्हणून इस्त्री तशीच ठेवून बाहेर गेलो. पँटीला बसायच्या जागी इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, हवेशीर शिवलीत हो. मीही हसलो. दुकान बंद करताना मात्र इस्त्रीचं बटण तीनदा तपासलं.

आता खरं सांगतो. काल चिमणीची बाहुली शिलाई मशीनखाली सापडली. मळली होती. म्हटलं, धुऊ या, चिमणीला न्हाऊ घालायची हाताला सवयही होईल. टबात पाणी सोडलं, तिला कडेला टेकवून बसवलं, पोरांना धरतात तसा पाठीमागे हात धरला. तेवढ्यात फोन वाजला. तुझाच. तू विचारलंस, बाबा, जमेल ना? मी म्हणालो, त्यात काय, तुला नाही का वाढवलं! फोन ठेवला आणि खुशीत चिमणीच्या झबल्याचं कापड बेतायला बसलो. माऊ, त्या बाहुलीची मला आठवणसुद्धा आली नाही. पायाला गार लागलं म्हणून खाली पाहिलं, तर पाणी मशीनपर्यंत आलेलं. आत गेलो. नळ चालूच होता. ती तळाशी होती, डोळे उघडे.

चिमणीला आणू नकोस. फोनवर सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, बाबा, उगाच घाबरता, आणि तुझ्या गोड बोलण्यात मी कशासाठी फोन केला तेच हरवून बसलो असतो. आत्ताही फोन वाजतोय. तूच असशील. वाजू दे. आधी हे पाकिटात घालून टपालात टाकतो.

तुझाच,
बाबा