नऊ एमएम म्हणजे नऊ एमएम

सोनखेडी, १६ जानेवारी २०२४

ती. बाबांस,
मालविकाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईने पाठवलेला लीलो चेवडो पोचला आणि दोन दिवसांत संपलाही. निम्मा बरॅकमधल्या मुलींनी खाल्ला, हे आईला सांगू नका. तिला आधीच वाटते मी वाळत चालले आहे. इथे थंडी कडक आहे. सकाळी रेंजवर कार्बाइन हातात घेतली की बोटे लोखंडाला चिकटतात. यंदा प्रशिक्षणाला चाळीस मुलींची तुकडी आहे आणि शस्त्रागारात शस्त्रांच्या देखभालीला आर्मोरर मी एकटी.

आईशी रोज फोनवर बोलते, पण पुढचे तिच्याजवळ बोलण्यासारखे नाही, आणि तुमच्या कानांचे फोनशी जमत नाही, म्हणून पत्र. गेल्या आठवड्यात काडतुसांच्या नव्या पेट्या आल्या. माप तेच, नऊ एमएम. पण पेटीवर छापले आहे की यांचा दाब नेहमीपेक्षा जास्त आहे, फक्त नव्या बनावटीच्या शस्त्रांत वापरावीत. आमच्या कार्बाइन तर माझ्या जन्माआधीच्या! पहिल्याच दिवशी खांद्याला दणका वेगळा लागला. रिकाम्या पुंगळ्या वेचल्या, तर कितीतरी बुडाशी फुगलेल्या. एकीला केसाएवढी चीर होती. मी त्या आमच्या प्रभारी जयवंतरावांपुढे ठेवल्या. ते म्हणाले, नऊ एमएम म्हणजे नऊ एमएम, नळीत बसते ना, मग झाले. माणूस वाईट नाही, बाबा. पण वीस फेब्रुवारीला दीक्षान्त संचलन आहे आणि त्याआधी सगळ्यांचे फायरिंग पुरे व्हायला हवे, हे त्यांच्या डोक्यावर बसले आहे.

मी उगाच घाबरते आहे का, ते लिहा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
मालविका


गोत्री, बडोदे, २२ जानेवारी २०२४

चि. मालविका हिस,
लक्ष्मीकांतचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या अक्षराची कमाल आहे. पोस्टमनने पाकीट आधी शेजारच्या डॉक्टरांकडे दिले. त्याला वाटले औषधाची चिठ्ठीच असणार. आपल्या घराण्यात तुझे पणजोबा संस्थानच्या कचेरीत, आजोबा मास्तर, सगळे वळणदार अक्षराचे. बंदुकीचे तेल हाताला लागले ते फक्त माझ्या आणि तुझ्या, आणि अक्षरही आपलेच दोघांचे बिघडले.

तू उगाच घाबरत नाहीस. आपल्या त्या कार्बाइनमध्ये काडतुसामागे नुसता बोल्टचा ठोकळा, त्याला कडी नसते. गोळी सुटताना मागचा धक्का थोपवायला त्याचे स्वतःचे वजन आणि मागची स्प्रिंग, एवढेच. नेहमीच्या काडतुसाला ते पुरते. जोर वाढला की बोल्ट वेळेआधी मागे येतो, पुंगळीचे बूड नळीबाहेर उघडे पडते आणि आतला दाब तोवर उतरलेला नसतो. पितळ किती सहन करणार? आज फुगले, उद्या फाटेल, आणि फाटेल तेव्हा मागे जिचा चेहरा असेल तिला लागेल.

फायरिंग थांबवायला सांग. तोंडी नको, लेखी सांग, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस. एकतीस वर्षांच्या नोकरीत कान देऊन एवढेच शिकलो.

तुझी आई विचारते आहे की एवढे काय लिहिता. मी सांगितले, लेकीला अक्षर सुधारायला सांगतो आहे. प्रकृतीला जप.

तुझे,
बाबा


सोनखेडी, ३० जानेवारी २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे लेखी दिले. आवक नंबर मिळाला नाही. कारकून म्हणाला, साहेबांनी वाचल्यावर टाकतो. जयवंतराव रागावले नाहीत, उलट बसा म्हणाले, चहा मागवला. जुन्या लॉटची मागणी त्यांनीही केली आहे, पण एप्रिलच्या आत काही येत नाही. मग माझ्या अर्जावर त्यांनी शेरा मारला: शस्त्रांची देखभाल वाढवावी.

दोन कार्बाइन मी दुरुस्तीला म्हणून बाजूला काढल्या. तिसऱ्या दिवशी त्या परत वाटायचा हुकूम आला. आता फायरिंग सुरू असताना मी प्रत्येक मुलीच्या मागे उभी राहते. उभी राहून काय करणार, ते मलाही माहीत नाही. संपदा नावाची एक आहे, नेम असा की शिक्षकसुद्धा तिचा निशाणाचा कागद जपून ठेवतात. तिने काल विचारले की ताई, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त का दचकता. मी हसून वेळ मारून नेली.

सगळ्या स्प्रिंगांची लांबी आणि ताण मोजून सोबत लिहिले आहे. मकरपुऱ्याच्या सुभानरावकाकांना दाखवता का? आणि तुमच्या ओळखीचे वर कोणी उरले असेल तर एक शब्द टाका. तुमच्याशिवाय हे कोणाला लिहू?

मालविका


गोत्री, बडोदे, ६ फेब्रुवारी २०२४

चि. मालविकास अ. उ. आ.

परवा मकरपुऱ्याला जाऊन आलो. सुभानरावांनी चाळीस वर्षे स्प्रिंगाच वळल्या आहेत. तुझे आकडे त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि कारखान्याच्या कागदावर लिहून दिले की स्प्रिंगा ठीक आहेत, ठरल्या काडतुसाला अगदी बरोबर. जास्त दाबाला ‘चालशे’ का, असे मी विचारले तर नुसती मान हलवली, नाही म्हणून.

ओळखीचे म्हणशील तर माझे जुने साहेब वारले. त्यांच्या जागेवर आता जे आहेत त्यांना भेटायला दोन तास बसलो. त्यांनी काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण उठून दारापर्यंत सोडायला आले त्यावरून नकार समजलो. तुमच्या मुख्यालयाला रजिस्टर पत्र टाकले आहे.

तू नकार दे, असे लिहायला बसलो होतो. तीनदा लिहून खोडले. नोकरीत मीही बरेच हुकूम नाइलाजाने पाळले, आणि माझ्या वेळी काही वाईट झाले नाही हे केवळ माझे नशीब. तरी बाप म्हणून लिहितो: नकार दे. नोकरी गेली तर ये घरी. तुझी खोली आईने अजून कोणाला दिलेली नाही.

वाट पाहणारा,
बाबा


सोनखेडी, १४ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र सोमवारी, बाराला मिळाले. शुक्रवारी, नऊ तारखेला सकाळी झाले.

संपदाचा सातवा राऊंड होता. आवाज फुटका आला. पुंगळीचे बूड फाटून मॅगझिन खाली उडाले आणि पितळेचा तुकडा तिच्या उजव्या डोळ्यात गेला. मी तिच्यामागे हातभर अंतरावर होते, बाबा. तिने कार्बाइन टाकली नाही. शिकवल्याप्रमाणे नळी समोर ठेवून खाली बसली, आणि मला म्हणाली की ताई, दिसत नाही. गाडीतून नेईपर्यंत मी तिचा हात धरून होते. डॉक्टरांनी डोळा काढला.

संध्याकाळपर्यंत अहवाल तयार होता. कारण, कमजोर स्प्रिंग आणि आर्मोररचा निष्काळजीपणा. माझा अर्ज फाइलमध्ये नाही. माझ्याकडे नक्कल आहे, पण तिच्यावर ना नंबर, ना शिक्का. तुमच्या रजिस्टर पत्राबद्दल विचारले, तर ते संबंधितांकडे पाठवले आहे म्हणतात. संबंधित म्हणजे जयवंतराव. ते माझ्याकडे बघत नाहीत. दवाखान्यात मात्र ते रोज जातात, असे ऐकले.

सत्तावीसला चौकशी आहे. जाणकार म्हणून एक साक्षीदार आणता येतो. तुम्ही याल का? सुभानरावकाकांचा कागदही आणा. आईला सांगा की मला बघायला येत आहात.

मालविका


गोत्री, बडोदे, ३ मार्च २०२४

चि. मालविकास आशीर्वाद.

हे तुला स्टेशनवरच सांगायला हवे होते. तू माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला धावलीस आणि माझी हिंमत गेली.

तुला बाहेर बसवून मला आत घेतले. पंखा खडखडत होता, कानातले यंत्र शिट्टी मारत होते. साहेब कागदात बघून बोलत, त्यामुळे ओठही दिसेनात. मोठ्याने बोला, अशी दोनदा विनंती केली. तिसऱ्यांदा करायची लाज वाटली. बहिरा म्हातारा साक्षीला आणला, असे तुझ्याबद्दल बोलतील, या भीतीने. सुभानरावांचा कागद पुढे केला, तो खाजगी कारखान्याचा म्हणून परत आला. मग साहेबांनी काहीतरी विचारले. मला वाटले, मी एकतीस वर्षे याच कार्बाइन सांभाळल्या का, असे विचारतात. मी होकाराची मान हलवली, चांगली जोरात हलवली. शेवटी कारकुनाने बोट ठेवले तिथे सही केली.

काल जबाबाची प्रत टपालाने आली. प्रश्न तिसरा: कमजोर स्प्रिंगमुळे असा अपघात होऊ शकतो काय? उत्तर: होय. खाली माझी सही.

आजच दुरुस्तीचा अर्ज पाठवला आहे, पण सहीचा जबाब ते बदलतील असे वाटत नाही. आईला सांगितलेले नाही. आशीर्वाद देतो आहे, पण तू ते घ्यावेस असे म्हणायला तोंड नाही.

बाबा


सोनखेडी, १५ मार्च २०२४

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमचे पत्र आल्यापासून मी रागात होते, आणि रागात लिहायचे नव्हते. तुम्ही नाही म्हणाला असता तरी त्यांनी तेच केले असते, असे लिहिणार होते. पण तसे मला खरेच माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

निकाल लागला. वर्षभर वेतनवाढ बंद, शस्त्रागारातून काढून काडतुसांच्या कोठीवर नेमणूक. सगळ्या कार्बाइनना नव्या स्प्रिंगा बसवल्या. काडतुसांबद्दल निकालात एक ओळही नाही. संपदाला भेटून आले. ती मला दोष देत नाही. तिने एवढेच विचारले की सहा राऊंड बरोबर लागले होते, तर पास धरतात का.

आज सकाळी नव्या तुकडीचे पहिले फायरिंग होते. माझ्या जागी आलेले गणपतराव मागणीचा कागद घेऊन कोठीवर आले. दहा पेट्या, त्याच लॉटच्या. मी त्यांना पेटीवरचे छापील दाखवले. पुंगळ्या कशा फुगतात ते सांगितले. ते म्हणाले, बाई, मला ठाऊक आहे, माझी दोन वर्षे राहिली आहेत. कागदावर प्रभारींची सही होती, शिक्का होता, नंबरही होता. नाकारायला माझ्याकडे काही नव्हते. मी कुलूप काढले, पेट्या मोजून दिल्या आणि खाली सही केली.

साडेआठला रेंजवर फायरिंग सुरू झाले ते कोठीत ऐकू येत होते. संपेपर्यंत मी खुर्चीवर बसू शकले नाही.

तुमच्यावरचा राग आता उरलेला नाही, बाबा. तेवढे कळवायला हे पत्र.

तुमची,
मालविका